पनवेलच्या खाडीतले म्हातारे इंजिन

आषाढी एकादशी होऊन दोनच दिवस झाले होते. पाऊस घटकाभर उघडला होता, म्हणून मी अकरा वर्षांच्या नातवाला बरोबर घेऊन पनवेलच्या कोळीवाड्याकडे फिरायला निघालो. ओहोटीची वेळ होती. पाणी दूर गेलेले आणि चिखल उघडा पडलेला. काठाला एक लाकडी होडी कुशीवर कलली होती, आणि तिच्यापाशी चार माणसे कसला तरी वाद घालीत उभी होती.

वाद होता इंजिनाचा. होडीचा मालक सत्तरीच्या घरातला नाखवा. त्याच्यासमोर भंगारवाला वजनकाटा घेऊन उभा होता. नाखव्याचा मुलगा, बाहेर कंत्राटी नोकरी करणारा तिशीतला तरुण, खाली मान घालून म्हणत होता, "बाबा, दोन पावसाळे इंजिन बंद आहे. हँडल जागचे हलत नाही. आता देऊन टाका." भंगारवाल्याने भाव सांगितलाच होता. जुन्या बनावटीचे, दोन मोठ्या चाकांचे, एका सिलिंडरचे ते धूड. त्यात ओतीव लोखंड भरपूर. वजनावर पैसे बरे येणार होते.

चौथा माणूस आतापर्यंत काही बोलला नव्हता. खांद्याला कॅनव्हासची पिशवी, बोटांच्या पेरांत कायमचे बसलेले काळे ऑइल. तो होता मिस्त्री. त्याने वाकून इंजिनावर पान्ह्याने दोन-तीन ठिकाणी हलकेच टिचकी मारली, कान देऊन ऐकले, आणि म्हणाला, "नाखवा, जीव गेलाय की नुसती शुद्ध हरपलीय, हे तरी बघू द्या. आधीच तिरडी कशाला बांधता?"

नाखवा हसला. भंगारवाल्याने काटा खांद्यावर टाकला. "महिन्याने येतो," असे सांगून तो गेला. आणि मी, ज्याला आयुष्यात स्कूटरचा प्लग बदलण्यापलीकडे यंत्राचे काही कळले नाही, पुढचा सबंध महिना त्या काठावर जाऊन बसू लागलो. तेथे जे पाहिले ते वाचकांना सांगावे असे वाटले, म्हणून हा लेख.

हे एकेकाळचे बंदर

आजच्या पनवेलकराला 'पनवेल बंदर' म्हटले तर हसू येईल. हमरस्ते, उंच इमारती, रेल्वेचे मोठे स्थानक, आणि आता २०२५ साली उद्घाटन झालेला विमानतळ! पण हे गाव वाढले ते खाडीच्या पाण्यावर. आगगाडी नव्हती तेव्हा मुंबईहून पुण्याला जाणारा उतारू पडावात बसे, भरती साधून पनवेलला उतरे आणि तेथून घाटाची वाट धरी. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि देशावरच्या बैलगाड्या माल घेऊन थेट या बंदरापर्यंत येऊ लागल्या. पनवेलची गाडीची चाके तेव्हा नावाजलेली होती. घाटावरचा गाडीवान परतताना येथून चाकांची जोडी घेऊन जाई. १८५२ साली येथे नगरपालिका आली, यावरून गावाचा त्या काळचा तोरा ध्यानात यावा.

पुढे १८६३ साली आगगाडी कल्याणच्या बाजूने येऊन बोरघाट चढून गेली आणि बंदराचा व्यापार ओसरू लागला. १९७३ साली ठाण्याच्या खाडीवर वाशीचा पूल झाला, मग मुंबईला जाण्यासाठी होडीची गरज कोणालाच उरली नाही. राहिले ते कोळी आणि त्यांच्या होड्या. बोय, कोळंबी, चिंबोरी, आणि नशीब उघडले तर एखादा जिताडा, यांवर त्यांचे पोट.

या होड्या पूर्वी शिडावर आणि वल्ह्यांवर चालत. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात मुंबई राज्याच्या मत्स्यखात्याने होड्यांवर इंजिने बसविण्यास उत्तेजन दिले. सातपाटी, वर्सोवा अशा कोळी गावांतून ही नवी हवा किनारभर पसरली. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्करांचा तेल-इंजिनांचा कारखाना निघाला होता. देशी बनावटीची इंजिने हळूहळू शेतकऱ्याच्या विहिरीवर आली, तशीच होडीतही आली. आमच्या नाखव्याचे इंजिन त्याच्या वडिलांनी कर्ज काढून घेतलेले. त्या इंजिनाने दोन बहिणींची लग्ने केली, असे नाखवा सांगे.

मात्र एक गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. शीड होते तेव्हा वारा पडला तर वल्हे होते. इंजिन आले, आणि एका पिढीत डोलकाठी गेली, शीड गेले, शीड बांधणारे हातही गेले. आता इंजिन बंद म्हणजे होडी बंद, आणि होडी बंद म्हणजे चूल बंद. काठावरचा वाद लोखंडाच्या वजनाचा दिसत होता खरा. पण नाखव्याने पुन्हा पाण्यावर जायचे की नाही, हा त्यातला खरा प्रश्न होता.

ठिणगीवाचून पेटणारी आग

"आजोबा, हे इंजिन पेटते कसे?" नातवाचा पहिलाच प्रश्न. मी मिस्त्रीकडे पाहिले. त्याने उलट विचारले, "बाळा, सायकलच्या पंपाने हवा भरलीयेस कधी? पंपाचे खालचे टोक हाताला कसे लागते?"

"गरम!"

"बस. तेच इंजिन."

आणि खरोखरच तेच आहे. हवा एकदम दाबली की तापते. डिझेल इंजिनात सिलिंडरभर हवा आत ओढली जाते आणि पिस्टन वर येताना ती सुमारे सोळा-सतरावा हिस्सा होईल इतकी दाबली जाते. तेवढ्याने तिचे तापमान ५०० अंश सेंटिग्रेडच्या वर जाते. नेमक्या त्या क्षणी एका बारीक नोझलमधून डिझेलचा फवारा आत उडतो आणि ठिणगीवाचून आपोआप पेट घेतो. त्या धक्क्याने पिस्टन खाली जातो, दांडा वाकडा दंड फिरवितो, चाके फिरतात, शाफ्ट फिरतो आणि पाण्यातला पंखा होडीला पुढे ढकलतो. हवा ओढणे, दाबणे, पेटणे आणि धूर बाहेर टाकणे, अशा चार फेऱ्यांत एकदाच काय ती ताकद मिळते. बाकीच्या तीन फेऱ्या त्या जड चाकांच्या वेगावर निभावतात. म्हणून तर जुन्या इंजिनांची चाके एवढी अवजड.

ही कल्पना रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरची. १८९७ साली ऑग्सबर्ग येथे त्याचे इंजिन प्रथम यशस्वी ठरले. दैवाची गंमत पाहा: जगभरच्या होड्यांना आणि जहाजांना ज्याच्या इंजिनाने चालविले, तो स्वतः १९१३ साली इंग्लंडला जाताना एका रात्री बोटीवरून नाहीसा झाला आणि पुढे समुद्रात त्याचे प्रेत मिळाले.

तेव्हा इंजिनाला हव्यात तीन गोष्टी: चोख हवा, चोख तेल आणि पक्का दाब. "बंद पडलेले इंजिन म्हणजे यांपैकी एकाचे रडगाणे," मिस्त्री म्हणाला. "कोणते ते ऐकायला शिकायचे."

आठ दिवस नुसते भिजत

पण हे इंजिन नुसते बंद नव्हते. ते जाम होते. पिस्टन सिलिंडरला गंजाने धरून बसला होता. नाखव्याच्या मुलाला घाई. त्याने एक लांब लोखंडी नळी आणली, हँडलवर चढविली आणि दोघांनी जोर लावू या म्हणाला. मिस्त्रीने शांतपणे नळी काढून बाजूला ठेवली.

"जोर लावलास तर फिरेल. मग दांडा वाकेल, रिंगा तुटतील, सिलिंडर ओरबाडेल. आज जे दुरुस्त होईल ते उद्या खरोखरचे भंगार होईल."

त्याआधी त्याने तीन गोष्टी पाहून घेतल्या होत्या. ब्लॉकला कोठे तडा आहे काय? मुख्य बेअरिंगात चाक खाली-वर हलते काय? आणि खालच्या टाकीतले ऑइल कसे आहे? ऑइल दुधासारखे पांढुरके निघाले, म्हणजे पाणी शिरलेले. पण तडा नव्हता आणि बेअरिंग घट्ट होते. "ब्लॉक फुटला असता तर मीच भंगारवाल्याला हाक मारली असती," असे त्याने मुलाला स्पष्ट सांगितले. जुन्या वस्तूच्या मायेपोटी गिऱ्हाइकाला खर्चात पाडणारा मिस्त्री तो नव्हे.

मग त्याने नोझल काढले आणि त्या भोकातून सिलिंडरमध्ये डिझेल व पातळ ऑइल यांचे मिश्रण ओतले. वर चिंधीचा बोळा. आणि काम संपले! दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडे मिश्रण. चाकाला हाताने एकदा पुढे, एकदा मागे, हलकासा रेटा. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. तेल गंजाच्या बारीक फटींतून झिरपत राहते; त्याला वेळ द्यायचा, एवढेच आपल्या हाती.

मुलगा वैतागून दोन दिवस आलाच नाही. नाखवा मात्र रोज येई, जाळे विणत बसे. "इंजान म्हातारा नाय झाला, मास्तर," एकदा तो मला म्हणाला. "बसवून ठेवला, म्हनून बसला. मानसाचं बी तसंच हाय." मी निवृत्त माणूस. ते बोलणे मला चांगलेच लागले.

आठव्या दिवशी सकाळी मिस्त्रीने रेटा दिला आणि चाक दोन बोटे सरकले. फक्त दोन बोटे. पण नाखव्याने हातातले जाळे खाली ठेवले.

एकेक अवयव

पुढचे पंधरा दिवस त्या इंजिनाचे अवयव ताडपत्रीखाली पाटावर मांडलेले असत. हेड उतरविले, पिस्टन बाहेर काढला. सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचे एक कडे उमटले होते, ते बारीक पॉलिश कागदाने, ऑइलचा हात देत, गोल गोल घासून काढले. पिस्टनच्या रिंगा काजळीने खाचांत चिकटलेल्या; एक तर तुटलेली. रिंगा सैल आणि लवचीक नसतील तर दाबलेली हवा कडेने निसटते, मग डिझेल कितीही उडवा, ते पेटायचे कसे? चारही रिंगा नव्या आणल्या. व्हॉल्व्ह पेस्ट लावून त्यांच्या बैठकीवर इतके घासले की सभोवार सारख्या करड्या रंगाची रेघ उमटली. हे काम नातवाने केले. मिस्त्रीने त्याच्या हाती काठी दिली, आणि पोरगे दोन दिवस मोबाइलला शिवले नाही!

डिझेलची टाकी उपडी केली, तेव्हा तळातून पाणी आणि काळा गाळ आला. टाकी अर्धी रिकामी ठेवली की आतल्या हवेतले दमट बाष्प थंड होऊन पाणी होते. ते डिझेलच्या तळाशी बसते आणि तेथेच गंज व बुरशी माजते. टाकी धुतली, फिल्टर बदलला.

नोझलची परीक्षा मात्र मी विसरणार नाही. नळीला नोझल बाहेरच जोडून मिस्त्रीने पंपाचा दट्ट्या हाताने मारला. प्रथम नुसते थेंब गळले. साफ करून पुन्हा मारला, तर 'फर्र' आवाज होऊन धुक्यासारखा फवारा उडाला. नातवाने कौतुकाने बोट पुढे केले, आणि मिस्त्रीने झडप घालून त्याचे मनगट धरले. महिन्याभरात तो एकदाच ओरडला. या फवाऱ्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २०० किलोच्या आसपास असतो. तो कातडी भेदून तेल आत मांसात घुसवितो; वरून टोचल्याएवढी खूण दिसते, पण आत विष पसरते आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. ज्यांच्या घरी शेतावर डिझेल पंप असेल त्यांनी हे आपल्या मुलांना जरूर सांगून ठेवावे.

शेवटी पाण्याच्या वाटा. इंजिन थंड ठेवण्यासाठी खाडीचेच पाणी त्याच्याभोवती खेळविलेले असते. त्या वाटा मीठ आणि गाळ यांनी चोंदल्या होत्या. सळईने टोकरून त्या मोकळ्या केल्या. शाफ्ट होडीच्या बुडातून बाहेर पडतो तेथे ग्लँडमध्ये ग्रीस लावलेली सुती दोरी नव्याने भरली. ती फार आवळायची नाही. चालू असताना तेथून पाण्याचा थेंब थेंब आलाच पाहिजे. अगदी कोरडी ठेवली तर घर्षणाने शाफ्ट तापून झिजतो. होडीत थोडे पाणी येणे हेच तिच्या प्रकृतीला चांगले, हे मला नवे होते.

धुराची भाषा

नारळी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी इंजिन जोडून तयार झाले. ३१ जुलैला यांत्रिक होड्यांची पावसाळी मासेमारी-बंदी संपली होती. कोळीवाड्यातल्या बाकीच्या होड्या रंग लावून सजल्या होत्या.

पौर्णिमेला भरती मोठी, आणि आमच्या बाजूला ती ऐन दुपारी येते. चिखलात महिनाभर कललेली होडी पाण्याने अलगद उचलली. मिस्त्रीने डिझेलच्या नळीचा आटा सैल करून आतली हवा काढली. बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत तो थांबला. नळीत अडकलेला हवेचा एक बुडबुडाही फवारा मारतो. मग दाब सोडण्याचा खटका उघडून नाखव्याच्या मुलाने हँडल मारले. चाके फिरू लागली, वेग आला, मिस्त्री ओरडला, "सोड!" खटका बंद झाला. एक दणका, आणि पुन्हा शांतता.

दुसऱ्यांदा तेच. मुलाने कपाळाचा घाम पुसला. तिसऱ्यांदा दणका बसला, मग दुसरा, मग तिसरा, आणि इंजिन धडधडू लागले. काठावरच्या बायकापोरांनी टाळ्या पिटल्या. नाखवा काही बोलला नाही. त्याने इंजिनाच्या तापत चाललेल्या हेडवर हात ठेवला आणि चटका बसेपर्यंत काढला नाही.

मिस्त्रीचे डोळे धुरावर. प्रथम पांढरा धूर, म्हणजे इंजिन गार आहे, डिझेल पुरते जळत नाही. तो पाच मिनिटांत निवळला. काळा आला असता तर तेल जास्त किंवा हवा कमी. निळा आला असता तर रिंगांतून ऑइल वर येऊन जळते आहे. धूर जवळजवळ दिसेनासा झाला, तेव्हा तो प्रथम हसला.

पण दहाव्या मिनिटाला त्याने एकदम इंजिन बंद केले. बाजूच्या नळीतून थंडाव्याचे पाणी पडावयाचे, ते थांबले होते. आता काय बिघडले? आमच्या सर्वांच्या पोटात गोळा. त्याने पाणी ओढण्याच्या तोंडात हात घातला आणि बाहेर काढली एक प्लॅस्टिकची पिशवी, दुधाची, आपण सारे रोज घरात आणतो तशी.

"इंजिन बरे झाले," तो म्हणाला. "खाडीचे माझ्या हातात नाही."

त्यावर कोणी काही बोलले नाही. काठाला भराव, नाल्यांची घाण, विमानतळासाठी वळविलेले उलवे नदीचे पात्र... खाडीचा नकाशा नाखव्याच्या डोळ्यांदेखत बदलला. मासा कमी झाला हे तो जाणतो. दुरुस्त इंजिनाने हे प्रश्न सुटत नाहीत, हेही जाणतो. पण तोंड मोकळे करून त्याने पुन्हा हँडल मारायला सांगितले, खाडीला नारळ वाहिला आणि होडी पाण्याच्या मध्यावर नेली. सुकाणू त्याने मुलाच्या हाती दिले होते.

हिशेब

व्यवहारी वाचक विचारतील, खर्च किती आला? सांगतो. सुटे भाग आणि मजुरी मिळून भंगारवाल्याने देऊ केलेल्या रकमेच्या अडीच पट. नवे इंजिन, गिअर आणि शाफ्ट बसवून घ्यायचे तर याच्या पाचपट तरी गेले असते. मुलाने हा हिशेब कागदावर मांडला आणि कंत्राटी नोकरी न सोडता आठवड्याच्या सुटीला बापाबरोबर जायचे ठरविले. सारा जन्म खाडीवर काढीन असे काही तो म्हणाला नाही. पण भंगारवाला महिन्याने परत आला, तेव्हा त्याला चहा देऊन वाटेला लावणारा तोच होता.

जाताना मिस्त्रीने नाखव्याला एकच पथ्य सांगितले: "मासे मिळोत न मिळोत, पावसाळ्यात होडी काठाला असो, आठवड्यातून एकदा चाक हाताने फिरवा. टाकी भरलेली ठेवा. यंत्राला काम मारीत नाही, बसणे मारते."

खंडेनवमीला आम्ही पुन्हा गेलो. इंजिनाला हळदकुंकू वाहिले होते, चाकांना झेंडूची माळ घातली होती. घरी आलो तो नातू माळ्यावर चढलेला. तेथे त्याच्या आजीचे हाताने चालवायचे शिवणयंत्र कित्येक वर्षे धूळ खात पडले आहे. दिवाळीच्या साफसफाईत ते काढून टाकायचे आमच्या सूनबाईंनी ठरविले होते. चिरंजीवांनी चाकाला जोर लावला नाही. तेलाची बाटली आणली, भोकांत दोन-दोन थेंब सोडले आणि आपल्या आईला बजावले, "आई, आठ दिवस कोणी हात लावायचा नाही. भिजू दे."

हा अंक आपल्या हाती पडेल तोवर ते आठ दिवस कधीच होऊन गेलेले असतील. चाक फिरू लागले आहे. टीप अजून नीट पडत नाही. पण त्याबद्दल चिरंजीवांचे मत असे, की घाई करण्याचे काही कारण नाही.